बाबिलोनचे नाव आणि नेपल्सची मोहोर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चौरंगावर नाणी मांडण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. कोणाकडे पणजोबांच्या वेळचा राणीछाप रुपया असतो, कोणाकडे पंचम जॉर्जचा, तर कोणाकडे नुसतीच सराफाकडून आणलेली चांदीची लक्ष्मी. हळदकुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी नाणी पुन्हा डबीत जातात. आपण नाण्याची पूजा करतो, त्याची किंमत करतो, क्वचित त्याचा दागिनाही करतो. पण ते वाचतो मात्र फार थोड्या वेळा. वास्तविक नाणे ही वाचण्याचीच वस्तू आहे. वर्तमानपत्रे निघण्यापूर्वीच्या काळात राज्यकर्त्याला आपले दोन शब्द दूरदूर पोहोचवायचे असतील, तर याहून नामी साधन त्याच्यापाशी नव्हते. कागद फाटतो, दवंडी हवेत विरते. सोन्यावर उमटलेला शब्द मात्र हातोहाती देशोदेशी जातो आणि पाचशे वर्षांनीही जसाच्या तसा असतो.

अशाच एका नाण्याची हकीकत आज वाचकांना सांगायची आहे. नाणे इटलीतले, नेपल्स शहरातले. पाडणारा राजा फ्रान्सचा. त्याच्यावरचे शब्द मोजून तीन. पण या तीन शब्दांवरून युरोपातल्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिले. मी मराठीचा अध्यापक. नाणेशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु शब्दाचा अर्थ कसा लागतो, आणि कसा चुकतो, हा तर माझ्या रोजच्या तासाचा विषय. तेव्हा या वादात डोकावण्याचा थोडासा अधिकार मलाही आहे, असे मी समजतो.

प्रथम नाणे कसे आहे ते पाहू. शुद्ध सोन्याचा हा डुकाट वजनाला सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने साडेतीन माशांच्या आसपास. एका बाजूला मुकुट घातलेल्या राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. त्याच्या भोवती लॅटिन अक्षरांत, शब्द तोडून तोडून, त्याचे बिरुद कोरले आहे: लुई, फ्रान्सचा आणि नेपल्सच्या राज्याचा राजा. हा बारावा लुई. दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल, ढालीवर फ्रान्सच्या राजघराण्याची तीन कमलिनीची फुले, आणि कडेने ते तीन शब्द: ‘पर्दाम बाबिल्लोनिस नोमेन’. अर्थ असा की, ‘बाबिलोनचे नावच मी पुसून टाकीन’. मूळ लॅटिनात ‘बाबिलोन’मधला ‘ल’ एकेरी असतो. ठसा कोरणाऱ्याने तो दुहेरी केला आहे. शुद्धलेखनाच्या चुका टाकसाळीतही होतात, हे पाहून माझ्या विद्यार्थ्यांना फार समाधान वाटते.

डुकाट हे नाव आपल्याला परके वाटते. वस्तू मात्र तितकी परकी नाही. व्हेनिसने १२८४ साली हे सोन्याचे नाणे प्रथम पाडले, आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याच्या वजनात व कसात जवळजवळ फरक पडू दिला नाही. एवढी सचोटी पाहून सारा व्यापारी जग त्याच्यावर विश्वास ठेवू लागला. मिरी, मलमल, नीळ यांच्या मोबदल्यात हे डुकाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येऊन पडत. त्यांच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि मागल्या बाजूला येशू ख्रिस्त, अशा आकृती असत. आपल्या लोकांना त्या बाहुल्यांसारख्या दिसल्या आणि नाण्याचे नाव पडले ‘पुतळी’. हीच ती आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ! पुढे इकडच्या सोनारांनी त्याच नमुन्यावर चकत्या घडवल्या. लॅटिन अक्षरे येत नसल्यामुळे त्यांच्या जागी नुसत्या उभ्याआडव्या रेघा उमटल्या. आज त्या पुतळीवर बहुधा लक्ष्मीची किंवा दुसऱ्या कोणा देवतेची आकृती असते. नाणे कसे प्रवास करते, आणि प्रवासात त्याच्यावरचा मजकूर कसा गळून पडतो, याचे याहून घरगुती उदाहरण सापडणार नाही.

लुईच्या डुकाटावरचा मजकूर गळला नाही. उलट त्याला नवे नवे अर्थ चिकटत गेले.

या नाण्यावर राजाचा खराखुरा चेहरा आहे, हीदेखील सहज सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. मध्ययुगातल्या युरोपीय नाण्यांवर राजा असे तो बाहुल्यासारखा. मुकुट आणि राजदंड दिसला म्हणजे राजा समजायचा, मग तो कोणी का असेना. इटलीत विद्येचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा लोक प्राचीन रोमन नाणी जमवू लागले. कवी पेत्रार्क हा त्यांतला एक अग्रणी. १३५४ साली मान्तुआ येथे सम्राट चौथ्या चार्ल्सला त्याने जुन्या रोमन सम्राटांचे मुखवटे असलेली आपल्याजवळची काही नाणी भेट दिली, ती अशासाठी की या पूर्वजांकडे पाहून त्याने त्यांच्यासारखे व्हावे. या छंदातून पुढे इटलीतल्या राजांनी आणि सरदारांनी आपले स्वतःचे चेहरे, नाकाच्या बाकासकट, नाण्यांवर कोरून घेण्यास आरंभ केला. मिलानच्या फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या डुकाटावर पंधराव्या शतकाच्या मध्यासच असा चेहरा दिसतो. फ्रान्समध्ये मात्र ही रीत नव्हती. बाराव्या लुईचा हुबेहूब चेहरा त्याच्या मायदेशातल्या नाण्यांवर आला तो १५१४ साली, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. जिंकलेल्या इटालियन शहरांतल्या टाकसाळींनी त्याचा चेहरा त्याआधीच घडवला होता. म्हणजे जेत्याला स्वतःचे तोंड नाण्यावर पाहण्याची हौस लागली ती जितांच्या कलेमुळे!

आता हा फ्रान्सचा राजा नेपल्सला पोहोचला कसा? फ्रेंच राजकुळातल्या आंजू घराण्याने १२६६ पासून १४४२ पर्यंत नेपल्सवर राज्य केले होते. पुढे ते राज्य आरागॉनच्या स्पॅनिश घराण्याकडे गेले. परंतु आंजू घराण्याचा वारसा फिरत फिरत फ्रान्सच्या गादीकडे आला, आणि त्याबरोबर नेपल्सवरचा जुना हक्कही. आठवा चार्ल्स हा हक्क बजावण्यासाठी १४९५ च्या फेब्रुवारीत नेपल्समध्ये शिरला आणि काही महिन्यांतच माघारी गेला. त्याच्यामागून १४९८ साली गादीवर आलेल्या बाराव्या लुईने प्रथम मिलान घेतले, मग नेपल्सकडे नजर वळवली.

नेपल्सच्या गादीवर त्या वेळी फेदेरिको होता. आरागॉन कुळातला, म्हणजे स्पेनच्या फर्डिनंड राजाचा भाऊबंद. लुईला भीती होती ती या फर्डिनंडचीच. तेव्हा त्याने सरळ फर्डिनंडशीच सौदा केला. नोव्हेंबर १५०० मध्ये ग्रानादा येथे गुप्त तह झाला. नेपल्स शहर आणि उत्तरेकडचा मुलूख फ्रान्सला. आपूलिया आणि कालाब्रिया स्पेनला. ज्याचे राज्य वाटून घ्यायचे त्या फेदेरिकोला अर्थातच याची वार्ता नव्हती. लुईला या वाटणीत दोन किताब मिळायचे होते: ‘नेपल्सचा राजा’ आणि ‘जेरुसलेमचा राजा’. हा दुसरा किताब नेपल्सच्या गादीला तेराव्या शतकापासून चिकटलेला होता. जेरुसलेम प्रत्यक्षात कैरोच्या सुलतानाच्या ताब्यात होते; पण किताबाला त्याची अडचण कधीच नसते. आपल्याकडेही गाव गेले तरी आडनावात गाव राहतेच की!

दोन राजांनी मिळून तिसऱ्याचे राज्य लुटायचे, तर काही कारण दाखवायला हवे. ते कारण होते तुर्कांचे. फेदेरिकोने तुर्कांशी संधान बांधले आहे, ख्रिस्ती जगाच्या दारात शत्रूला बोलावले आहे. तेव्हा धर्मरक्षणासाठी त्याला दूर करणे भाग आहे, असे सांगण्यात आले. पोप सहाव्या अलेक्झांडरने हे कारण मानून जून १५०१ मध्ये फेदेरिकोला पदच्युत ठरवले. जुलैत फ्रेंच सैन्याने कापुआ शहर निर्घृणपणे लुटले. ऑगस्टमध्ये ते नेपल्समध्ये शिरले, आणि टाकसाळीत नव्या राजाचे ठसे तयार होऊ लागले.

त्या काळी नाणी हातानेच पाडीत. एक ठसा खाली ओंडक्यात घट्ट बसवलेला, त्यावर सोन्याची कोरी चकती, तिच्यावर दुसरा ठसा, आणि वरून घणाचा घाव. राजा बदलला की ठसे बदलायचे. घण मारणारे हात बहुधा तेच राहतात. कालपर्यंत फेदेरिकोचे नाव उमटवणाऱ्या टाकसाळीने आज लुईचे नाव उमटवले. पोटासाठी काम करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. लेखणी हाती असलेल्यांपुढे मात्र परकी सत्ता येते तेव्हा निवडीचा प्रश्न उभा राहतो, आणि नेपल्समध्ये तो फार ठळकपणे उभा राहिला. तिथला थोर लॅटिन पंडित आणि कवी पोन्तानो याने १४९५ साली, आयुष्यभर ज्या घराण्याची सेवा केली त्या घराण्याला सोडून आठव्या चार्ल्सचे स्वागत केले, आणि फ्रेंच निघून गेल्यावर त्याचे पद गेले. त्याचा धाकटा मित्र सान्नाझारो याने १५०१ साली उलट मार्ग धरला. राज्य गमावलेल्या फेदेरिकोसाठी त्याने आपली मालमत्ता विकली आणि त्याच्याबरोबर तो स्वतः फ्रान्समध्ये परागंदा झाला. १५०४ साली फेदेरिको तूर येथे वारला, तोवर त्याने त्याची साथ सोडली नाही. त्याच साली सान्नाझारोचे ‘आर्कादिया’ हे पुस्तक नेपल्समध्ये छापले गेले तेव्हा लेखक तिथे नव्हताच. मित्राने ते छापवून घेतले. वाङ्मयाच्या इतिहासात आपण या पुस्तकाला रम्य गोपजीवनाचे काव्य म्हणून एक ओळ देतो. त्याच्या छपाईच्या मागे एवढे दुःख उभे आहे, हे क्वचितच सांगतो.

लुईचे नेपल्सवरचे राज्य फार टिकले नाही. मुलूख वाटून घेणाऱ्या दोघांचे वर्षभरातच भांडण जुंपले. वादाचे एक कारण होते मेंढ्यांच्या चराईपट्टीचे भरघोस उत्पन्न! एप्रिल १५०३ मध्ये चेरिन्योला येथे स्पॅनिश सेनापती गोन्झालो द कोर्दोबा याने फ्रेंचांचा पराभव केला, मेमध्ये तो नेपल्समध्ये शिरला, आणि १ जानेवारी १५०४ रोजी गाएता शहर फ्रेंचांनी सोडले तेव्हा सगळेच आटोपले. मॅकियाव्हेलीने पुढे लिहिलेच की, जिथे आपण एकटे मालक होऊ शकलो असतो तिथे दुसऱ्या बलाढ्य राजाला भागीदार करून घेणे ही लुईची मोठी चूक. ज्या राज्याचे आयुष्य पुरते दोन वर्षांचेही नाही, त्याची सोन्याची नाणी आज दुर्मिळ असावीत यात नवल नाही.

आता वादाकडे येतो. या नाण्याला प्रसिद्धी दिली ती फ्रेंच इतिहासकार झाक ओग्युस्त द तू याने. हा राजाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, कॅथलिक असूनही धर्मसहिष्णू वृत्तीचा. १६०४ साली त्याच्या लॅटिन इतिहासाचा पहिला भाग निघाला. त्यात त्याने सांगितले की, पोप दुसऱ्या जूलियसशी वैर आले तेव्हा लुईने संतापून हे नाणे पाडले; त्यावरचे बाबिलोन म्हणजे रोम. हे म्हणणे वेडगळ मुळीच नव्हते. बायबलात यशया संदेष्ट्याच्या तोंडी बाबिलोनच्या नाशाची जी वाणी आहे, तिच्यातलेच हे शब्द आहेत; आणि ‘प्रकटीकरणा’तल्या बाबिलोनचा अर्थ रोम असा घेण्याची परंपराही जुनी आहे. लुई आणि जूलियस यांचे हाडवैर तर प्रसिद्धच होते. १५११ साली लुईच्या पाठिंब्याने पीसा येथे पोपविरुद्ध धर्मसभा भरली, आणि १५१२ साली पॅरिसच्या भर बाजारात पोपची टर उडवणारे नाटक झाले.

या अर्थाला मग अवाढव्य महत्त्व आले. लूथरने १५२० साली रोमच्या धर्मसत्तेवर टीका करताना बाबिलोनच्याच बंदिवासाची उपमा वापरली होती. मग काय! लूथरच्याही आधी एका कॅथलिक राजाने रोमला बाबिलोन म्हटले, तेही सोन्यावर, असे प्रॉटेस्टंटांना वाटू लागले. द तूच्या इतिहासावर रोमने १६०९ साली बंदी घातली. पुढे पॅरिसचा जेझुइट पंडित झां आर्दुअँ याने उलट बाजू मांडली: बाबिलोन म्हणजे रोम नव्हे, कैरो, नाणे पोपविरुद्ध नाही, सुलतानाविरुद्ध आहे. हा आर्दुअँ मोठा विलक्षण गृहस्थ. ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथांपैकी बोटांवर मोजण्याइतके सोडून बाकी सारे मध्ययुगीन भिक्षूंनी रचलेले बनावट आहेत, असे त्याचे मत होते. विश्वास ठेवण्याजोगा पुरावा म्हणजे नाणी! एवढ्या संशयी माणसाच्या हातातले नाणेही शेवटी त्याच्याच पंथाच्या सोयीचे बोलू लागले. त्याच्याविरुद्ध जर्मनीतल्या लीबे नावाच्या विद्वानाने १७१७ साली, धर्मसुधारणेला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, याच नाण्यावर लॅटिन प्रबंध लिहिला आणि द तूची बाजू उचलून धरली. वर्ष पाहिले की प्रबंधाचा निष्कर्ष उघडण्यापूर्वीच कळतो.

आमच्याकडे बी. ए. च्या वर्गाला काव्यशास्त्र शिकवताना एक जुने उदाहरण येते. ‘सैंधव’ या शब्दाचे दोन अर्थ: सिंधू देशातले मीठ आणि सिंधू देशातला घोडा. जेवायला बसलेला मनुष्य ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ न्यायचे. प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. ताटाशी घोडा आणून उभा केला तर चाकर शब्दार्थाने चुकला असे म्हणता येणार नाही, पण त्याची नोकरी जाईल. अनेक अर्थांच्या शब्दाचा नेमका अर्थ कशाने ठरतो, याची यादी भर्तृहरीने केली आहे, आणि मम्मटाने तिचा आधार घेतला आहे. साहचर्य, प्रकरण, देश, काल ही त्यातली काही नावे. आमचे इतिहासाचे प्राध्यापक हेच सोप्या भाषेत सांगतात: “तुम्ही शब्द धरून बसता, आम्ही सन धरतो.”

तेव्हा सन धरू. नेपल्स लुईच्या हाती होते ते ऑगस्ट १५०१ पासून मे १५०३ पर्यंत, आणि आजच्या नाणेसूचींत हा डुकाट त्याच काळातला आणि नेपल्सचाच म्हणून नोंदलेला असतो. जूलियस पोप झाला तो नोव्हेंबर १५०३ मध्ये. १५०१ साली पोपच्या गादीवर होता सहावा अलेक्झांडर, आणि त्याच्यावर चिडण्याचे लुईला काहीच कारण नव्हते. याच पोपने त्याचा पहिला विवाह रद्द ठरवला होता, आणि नेपल्सच्या राज्याला धर्मसत्तेची मान्यताही त्यानेच दिली होती. ज्याच्या हातून राज्याचा पट्टा मिळाला, त्याचेच नाव पुसण्याची प्रतिज्ञा त्याच राज्याच्या पहिल्या मोहोरेवर कोण कोरील?

मग देश धरू. कैरोच्या जुन्या भागात बाबिलोन नावाचा रोमन किल्ला आहे, आणि मध्ययुगातले युरोपीय लोक इजिप्तच्या सुलतानाला ‘बाबिलोनचा सुलतान’च म्हणत. जेरुसलेम त्याच्याकडे होते. नेपल्सचा राजा हा नावाने जेरुसलेमचाही राजा. अशा राजाच्या मोहोरेवर बाबिलोन हा शब्द आला तर तो कोणाला उद्देशून, हे नेपल्सच्या दरबारात कोणाला विचारावे लागले नसते. साहचर्य तर याहून बोलके आहे. तहात तुर्कांचे निमित्त, पोपच्या हुकमात तुर्कांचे निमित्त. १५०१ च्या शरदात फ्रेंच आरमार लेस्बोस बेटावरील मितिलीनी या तुर्की ठाण्यावर चालूनही गेले आणि हात हलवीत परत आले. सुलतान कैरोचा असो की इस्तंबूलचा, परधर्मी शत्रूवर स्वारी ही त्या दिवसांतली राजभाषा होती, आणि नाण्यावरचे तीन शब्द त्याच भाषेतले आहेत. माझ्या मते, प्रसंग आर्दुअँचा पंथ काहीही असो, अर्थ त्याचाच बरोबर आहे.

लुईचे आरमार इजिप्तला कधी गेलेच नाही. याच १५०१ साली कैरोच्या गादीवर कान्सूह अल-घौरी बसला होता. पोर्तुगीजांनी तांबड्या समुद्रातून होणारा त्याचा मिऱ्याचा व्यापार तोडला, तेव्हा त्याने आरमार पाठवले ते थेट आपल्या किनाऱ्यावर. मार्च १५०८ मध्ये, आज रायगड जिल्ह्यात असलेल्या चौलच्या खाडीत, कैरोच्या आणि गुजरातच्या जहाजांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला, आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मारला गेला. पुढल्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडे फिरले. म्हणजे नेपल्सच्या सोन्यावर ज्या बाबिलोनचे नाव पुसले जायचे होते, त्याची जहाजे सहासात वर्षांनी कोकणात नांगर टाकून उभी होती! आणि अखेर ती सत्ता बुडवली कोणी? फ्रान्सने नव्हे. जानेवारी १५१७ मध्ये इस्तंबूलचा सुलतान सलीम कैरोत शिरला. लुईला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

वर्गात मी हे सारे एकदा मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. रोम की कैरो, हा निकाल माझ्या मते लागला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, “सर, पण नेपल्सच्या माणसाने ते नाणे हातात घेतले तेव्हा त्याला काय वाटले असेल?”

प्रश्न साधा होता. द तू, आर्दुअँ आणि लीबे या तिघांच्या वादाचा रोख दुसरीकडेच होता. त्यांच्यापुढे रोम होते, कैरो होते, विटेनबर्ग होते. नेपल्स फक्त टाकसाळीचे ठिकाण म्हणून होते.

मी तिला जे उत्तर दिले ते असे. नेपल्सच्या सामान्य माणसाने हा डुकाट बहुधा कधी हातात धरलाच नाही. त्याच्या कनवटीला असे तांब्याचे ‘काव्हाल्लो’. १४७२ साली फेर्रान्ते राजाने सुरू केलेले, घोड्याचे चित्र असलेले बारीक नाणे. सोने फिरे सराफांच्या पेढ्यांत, वकिलांच्या थैल्यांत, दरबारांच्या नजराण्यांत. मजकूर लॅटिनमध्ये. म्हणजे ही प्रतिज्ञा त्या शहरात पाडली गेली, पण त्या शहरासाठी लिहिलेली नव्हती. ती होती रोमला, व्हेनिसला, स्पेनला ऐकवण्यासाठी: आम्ही येथे राज्य बळकावायला आलो नाही, धर्मयुद्धाच्या वाटेवरचा हा केवळ मुक्काम आहे. कापुआची राख अजून निवाली नव्हती, घरचा राजा परदेशी कैदेसारख्या पाहुणचारात होता, आणि मोहोर बोलत होती ती समुद्रापलीकडच्या बाबिलोनबद्दल. जवळच्या लुटीकडे कोणी पाहू नये म्हणून दूरच्या शत्रूकडे बोट दाखवायचे, ही युक्ती लुईने शोधून काढली नाही, आणि ती त्याच्याबरोबर संपलीही नाही. शब्दाचा कोशातला अर्थ कैरो. पण त्या शब्दाने केलेले काम मात्र नेपल्समध्येच झाले.

ती मुलगी खाली बसली. उत्तर तिला पटले की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही. मला मात्र त्या दिवसापासून भर्तृहरीच्या यादीत एक प्रश्न जोडावासा वाटतो. शब्द कोणी लिहिला, कोठे लिहिला, केव्हा लिहिला हे तर विचारावेच. पण त्याच वेळी, ज्याच्या अंगणात तो लिहिला गेला त्याला तो वाचता येत होता का, हेही विचारावे. यंदा चौरंगावर मांडलेले जुने नाणे डबीत ठेवण्यापूर्वी वाचकांनी ते दिव्याजवळ धरून एकदा वाचून पाहावे. त्यावर कोणाचा चेहरा आहे, कोणत्या भाषेत काय लिहिले आहे, आणि ते आपल्या पणजोबांना वाचता आले असते काय, एवढेच मुलांना विचारावे. फराळाबरोबर तेवढा इतिहास सहज पचतो.